हिरवं दार आतून वाजतं

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

ही वही इल्हामने पाठवली. "यम्मा, आता तुझा धंदा सुरू होतोय, रोज काय काय झालं ते लिहून ठेव," म्हणाली. लेक बसलीये कासाब्लांकात मजेत आणि आई इकडे फेझमध्ये रात्रभर जागी.

धंदा म्हणजे काय, तर पाहुण्यांना आमचा मोहल्ला दाखवायचा. ज्या पाहुणघरात मी एवढी वर्षं स्वयंपाक केला ते बंद पडलं, तेव्हापासून घरात बसून आहे. तिथल्या स्वयंपाकघरात फ्रेंच शिकले, तेवढंच माझं शिक्षण. इल्हामने ते हेरलं आणि मला न विचारता फोनवर जाहिरात टाकून दिली: "फेझच्या खऱ्या गल्लीत एक दुपार, लल्ला बतूलबरोबर." खाली या लल्लाचा, म्हणजे बाईसाहेबांचा, फोटो, त्यात मी भोपळा कापतेय.

उद्या पहिले पाहुणे. दाखवू काय त्यांना, कपाळ माझं? लोकांच्या मोहल्ल्यांत चामड्याचे रंगीत हौद आहेत, मोठमोठे दरवाजे आहेत, कोरीव मदरसे आहेत. आमच्या दर्ब अल-लौझ गल्लीत एक नळकोंडाळं, एक हमाम म्हणजे मोहल्ल्याचं न्हाणीघर, जिलालीची पावाची भट्टी आणि मांजरं. नाव बदामाचं, आणि गल्लीत बदामाचं झाड औषधालासुद्धा नाही.

समोरचा बा मक्की पायरीवर बसून माझी गंमत बघत होता. बापाच्या वयाचा, म्हणून सगळे बा म्हणतात. चपलांच्या बाजारात आयुष्यभर लिलाव पुकारला त्याने. घसा पार झिजला, आता बोलतो तेव्हा सायकलच्या चाकातली हवा सुटल्यासारखा आवाज येतो. कान अगदी जवळ न्यावा लागतो.

"बतूल," तो फुसफुसला, "माल कसाही असो, गिऱ्हाइकाला असं दाखवायचं की हा शेवटचा नग आहे."

"तुम्हाला काय होतंय सांगायला! मला साधं झुरळाचं भय वाटतं, आणि उद्या चार परके लोक."

"मग झुरळ दाखव. फुकटात."

म्हातारा हसायला लागला की खोकतो आणि खोकायला लागला की मलाच पाणी आणावं लागतं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

फजिती झाली. सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

नवरा-बायको आणि त्यांचे दोन मित्र. नळकोंडाळं दाखवलं, त्यांनी मान हलवली. हमामचं दार दाखवलं, मान हलवली. भट्टीत थोडी मजा आली. घराघरातून फळ्यांवर कच्चे पाव येतात, ज्याच्या दारात फळी दिसेल ती जाणाऱ्याने उचलून आणायची हा आमचा रिवाज, हे ऐकून बाई म्हणाली, "किती छान!" पण नवरा जांभई देत होता. दहा पावलांवर गल्ली संपली. त्याने घड्याळ बघितलं आणि विचारलं, "एवढंच?"

आम्ही तेव्हा हिरव्या दारासमोर उभे होतो. ते घर कित्येक वर्षं बंद आहे, वारसदार परदेशात भांडत बसलेत. आणि माझ्या तोंडातून कसं काय कोण जाणे, बाहेर पडलं: "एवढंच नाही. इथे आत एक नवरी आहे."

मग मी बोलतच सुटले. लग्नाच्याच दिवशी गेली. दुपारच्या नमाजानंतर आतून दार ठोकते. विचारते आहे की बाहेर कुणी आहे का. पण उत्तर द्यायचं नाही. "कोण आहे?" असं जो विचारेल त्याचा आवाज ती घेऊन जाते.

जांभईवाल्याने दाराला कान लावला. मग फोटोच फोटो. जाताना बाईने माझे दोन्ही हात धरले.

घरी आल्यावर मात्र मला बरं वाटेना. असल्या गोष्टी तोंडातून काढू नयेत. ज्यांचं नाव आपण घेत नाही ते जमिनीखालचे अदृश्य लोक सगळं ऐकतात. गरम पाणी मोरीत ओतताना बिस्मिल्ला म्हणायला मी कधी विसरत नाही, आणि आज भर दुपारी त्यांच्या दारात उभं राहून थापा मारल्या.

रविवार, ६ ऑक्टोबर

गल्लीत काही लपून राहत नाही. सकाळी बा मक्कीची फळी उचलायला गेले. एकटा माणूस, एकच गोल पाव, बडीशेप घातलेला, मधोमध अंगठ्याचा ठसा. तो दारातच उभा.

"काय गं, त्या नवरीने माझा आवाज नेला होय? मला वाटायचं चपलांनी नेला."

मी शरमेने मेले. अल्लाची शपथ, गोष्ट सांगताना त्याचा घसा माझ्या डोक्यात नव्हता. किंवा होताही असेल.

"बा मक्की, चुकून बोलले हो."

"चुकून कशाला? झकास माल आहे. फक्त एक खोट आहे. गिऱ्हाईक कान लावतं आणि आतून काहीच येत नाही. रिकामी पेटी किती दिवस विकशील?"

दुपारी इल्हामचा फोन. त्या बाईने लिहिलंय म्हणे, "हिरवं दार चुकवू नका." आणखी लोक येतायत. इल्हाम नाचत होती. मी "बरं" म्हटलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आजचे पाहुणे सहा. हिरव्या दारापाशी आले, गोष्ट सांगितली. एका मुलीने कान लावला. आणि आतून ठोका आला. एक, मग दुसरा, मग तिसरा. सावकाश.

मुलगी किंचाळली, बाकीचे किंचाळले, आणि मग सगळे हसायला लागले. त्यांना वाटलं मीच काहीतरी व्यवस्था केलीये. एकाने टाळ्या वाजवल्या! माझी तर पाचावर धारण बसली. तोंडाने हसत होते आणि आतून कुराणातली आयत म्हणत होते.

ती गोष्ट मी बनवलेली आहे. माझ्या डोक्यातली आहे. मग ठोकलं कुणी?

संध्याकाळी बा मक्की आला, दारात टेकला. आज स्वारी भलतीच खुशीत. टोपीला जळमट लागलेलं, पायघोळ जल्लाबाच्या खांद्यावर चुना. मी म्हटलं, "कुठल्या बिळात शिरला होतात?" तर म्हणे गच्चीवर मांजरांना खायला घालत होतो. त्याच्या आणि हिरव्या दाराच्या गच्चीत कमरेएवढीच भिंत आहे, तिकडे मांजरी व्यायल्यात.

"पाहुणे खूश झाले का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला पाहुण्यांचं पडलंय! तिथे आत काहीतरी आहे, बा मक्की. तुम्ही त्या गच्चीवर जाऊ नका. ऐका माझं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, मग खोकला. मी पाणी आणलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आजही. आज तर त्या मूर्ख जांभळ्या टोपीवाल्या पाहुण्याने बाहेरून ठोकलं आणि आतून तसंच उत्तर आलं. लोक वेडे झाले आनंदाने. मी उभी होते थंडगार.

शेजारच्या खद्दूजनेही ऐकलं. नळावर पाणी भरत होती, घडा तिथेच टाकून पळाली. नंतर माझ्या घरी आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुणाला उठवून ठेवलंस तू, बतूल? माझ्या धाकट्याला कालपासून ताप आहे."

"ताप सगळ्या गावात आहे, खद्दूज."

"गावात असेल. माझ्या घरात तुझ्यामुळे आहे."

मला स्वतःलाच तसं वाटतंय.

शुक्रवारचा कुसकुस केला होता, एक ताट बा मक्कीला नेलं. आज तो थट्टा करत नव्हता. माझं तोंड बघून म्हणाला, "तू खरंच घाबरलीस काय गं?"

"झोप नाही लागत. जेवण जात नाही."

त्याने चमचा खाली ठेवला. "पोरी, ऐक. तुला एक गोष्ट सांगायची आहे. त्या दाराबद्दल."

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको! त्या दाराचं नावसुद्धा काढू नका. तुम्हाला माझ्या लेकीची शपथ."

"अगं पण—"

"शपथ घातलीये मी!"

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, बरं, राहिलं. मंगळवारी तो मेकनेसला लेकीकडे जाणार आहे, परत आला की शांतपणे बोलू म्हणाला. त्यालाही त्या घराबद्दल काहीतरी भयंकर माहीत असणार. मला ऐकायचं नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज बायका माझ्याकडे जमल्या, पुरुष बाहेर. ठरलं असं की मशिदीतल्या फकीहला बोलवायचं, पठण करायचं आणि दार कायमचं बंद करून टाकायचं. खद्दूजच्या नवऱ्याने फळ्या आणि खिळे काढून ठेवलेत.

मी म्हणायला हवं होतं की अहो, गोष्ट मी रचली. जिभेवर आलं होतं. पण आता मलाच खात्री नाही. लहानपणी कुणीतरी सांगितलेली असेल आणि मी विसरले असेन. नाहीतर असं कसं होईल की आपण बोलावं आणि आतून कुणी उठावं?

उद्याचे पाहुणे शेवटचे. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, नाही म्हणता येत नाही. इल्हामला सांगितलं, ती चिडली. "यम्मा, सगळ्या शहरात तुझ्या दाराची चर्चा आहे आणि तू बंद करतेस?" मी फोन ठेवला. कासाब्लांकातून ठोके ऐकू येत नाहीत.

बा मक्की पायरीवर होता. मी म्हटलं, उद्या शेवटचं. तो म्हणाला, "मग शेवटचा माल जोरात खपला पाहिजे. तुझे पाहुणे झाले की मी संध्याकाळच्या गाडीने जातो." त्याच्या लेखी अजून लिलावच चाललाय.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

या रहमान, या रहीम. दारं-खिडक्या लावून बसले आहे. बाहेर ऊन आहे आणि माझे दात वाजतायत.

सकाळ चांगली होती. माझी फळी आणि बा मक्कीची फळी, दोन्ही भट्टीत पोचवल्या. आज त्याचा पाव मोठा होता, लेकीसाठी. जिलाली म्हणाला, "म्हाताऱ्याने आज हात सैल सोडला." पाहुणे जेवायला होते म्हणून माझे पाव आधी काढून घेतले, त्याचा अजून कच्चा होता. येते नंतर, म्हटलं.

जेवणं झाली. हिरव्या दारापाशी आलो. गोष्ट सांगितली. कान लावले. काहीच नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, गेली बया. आणि तेवढ्यात आत धडाम असा आवाज झाला. वरून काहीतरी जड गडगडत खाली आल्यासारखा. सगळे दचकले. मग शांत. मग एक आवाज आला. तो मला लिहवत नाही. फुसफुस, फुत्कार, दाराच्या अगदी खालून. जनावराचा नाही, माणसाचा नाही.

मग ठोके. पण आधीसारखे नाहीत. वेडेवाकडे, घाईघाईने, थांबून, पुन्हा.

पाहुणे हसत हसत पळाले, मी रडत पळाले. माझी एक चप्पल तिथेच राहिली.

फकीह आला, सगळी गल्ली जमली. हरमलच्या बियांचा धूर केला, उंबऱ्यावर मीठ टाकलं. फकीह मोठमोठ्याने पठण करत होता आणि खद्दूजचा नवरा फळ्या ठोकत होता. तो एक हातोडा मारायचा, आतून एक ठोका यायचा. तो मारायचा, आतून यायचा. त्याच्या हातातला हातोडा दोनदा पडला. कुणीतरी म्हणालं, "उत्तर देऊ नका रे! बतूलने सांगितलंय, आवाज जाईल!" सगळ्यांनी तोंडावर हात ठेवले. मीसुद्धा.

मी सांगितलं होतं ना. मीच.

शेवटचा खिळा बसला तेव्हा आतला आवाज थांबला. फकीह म्हणाला, आटोपलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

आटोपलं नाही.

सकाळी नळावर गेले. हिरव्या दारापासून लांब, भिंतीला घसटत. ऐकू आलं. अगदी हळू, नखाने टकटक केल्यासारखं. मध्येच थांबतं. मग पुन्हा.

बा मक्कीचं दार बंद. दारात फळी नाही. खद्दूज म्हणाली, "गेला असणार काल मेकनेसला. सुटला बिचारा." खरंच सुटला. त्याचं हृदय कमजोर आहे, हे सगळं बघून काय झालं असतं त्याचं? तो असता तर मात्र मला धीर आला असता. त्याच्याशी बोलले की भीती अर्धी होते, कारण तो तिची टर उडवतो. शुक्रवारी कानांवर हात ठेवायला नको होते. त्याला काय सांगायचं होतं कोण जाणे.

दुपारी मला राहवेना. ते लोक दुखावले गेले असतील तर माफी मागावी म्हणून वाटीभर दूध घेऊन गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळ्यांची दारं लावलेली. उंबऱ्याशी बसले, "बिस्मिल्ला, माफ करा, माफ करा," म्हणत दूध फटीतून आत ओतलं. दगड आतल्या बाजूला उतरता आहे, दूध सरळ आत गेलं.

आणि आत कुणीतरी ते प्यायलं.

मी ऐकलं. बोटांनी दगड खरवडल्याचा आवाज. मग चोखल्याचा. मग तो फुत्कार, माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. शब्दासारखं काहीतरी होतं. माझं नाव होतं असं वाटलं. "ब" ऐकू आला मला.

आपलं नाव रिकाम्या घरातून ऐकू आलं तर ओ द्यायची नाही, हे दूध पिणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मी वाटी टाकून पळाले. ओ दिली नाही.

आता घरात बसले आहे. आणखी दूध न्यावं का? ते भुकेलं होतं. इतकं भुकेलं कुणी मी पाहिलं नाही कधी. पण ऊठ म्हटलं तर पाय उठत नाहीत.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

सकाळी भट्टीत गेले. जिलाली म्हणाला, "लल्ला बतूल, म्हाताऱ्याचा पाव घेऊन जा की. मंगळवारपासून पडलाय, दगड झाला."

फळीवर तो मोठा पाव होता. बडीशेपेचा. मधोमध अंगठा. लेकीसाठी केलेला.

मी म्हटलं, "तो तर मेकनेसला गेला."

"लेकीचा पाव इथे ठेवून?"

मी त्या पावाकडे बघत राहिले. टोपीचं जळमट आठवलं. खांद्यावरचा चुना. रिकामी पेटी किती दिवस विकशील. शेवटचा माल जोरात खपला पाहिजे. त्या दाराबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे. मग तो फुत्कार आठवला आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून जिलालीने हातातलं फावडं सोडलं.

गल्लीतून धावले. मागून जिलाली. हिरव्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या आणि ओरडले, "कोण आहे? कोण आहे आत? बा मक्की, तुम्ही आहात का?"

लोक खिडक्यांतून ओरडायला लागले, गप्प बस, गप्प बस. मी आणखी जोरात विचारलं.

काही नाही. किती वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, उशीर केलास, बतूल.

मग एक टकटक.

जिलालीने भट्टीची लोखंडी सळई फळ्यांत घातली. खद्दूजचा नवरा आला, थरथरत, आणि स्वतः ठोकलेले खिळे स्वतः उपटायला लागला. कुलूप तोडून दार आत ढकललं ते अर्धंच उघडलं, कारण तो त्याला टेकून पडला होता. पाय नको तसा वळलेला. ओठांना दुधाची साय लागलेली, बोटं सोललेली. गच्चीवरून उतरताना जिन्याची पायरी निसटली होती त्याच्या पायाखालून.

डोळे उघडे होते. मला बघून ओठ हलले. मी कान नेला, पण काही ऐकू आलं नाही. थोडाफार होता तो आवाजही त्याने आत संपवला होता.

रविवार, २० ऑक्टोबर

त्याच्यासाठी फळं आणि बडीशेपेचा पाव पिशवीत घालून दवाखान्यात गेले. खुबा मोडलाय. फुप्फुसात पाणी आहे. डॉक्टर बाई म्हणाली, दोन दिवस पाण्यावाचून राहिला असता तर या वयात वाचला नसता. "थोडं दूध मिळालं होतं म्हणतात," ती म्हणाली. "कुणी दिलं?"

त्याची लेक आली आहे मेकनेसहून, रहमा. गल्लीतल्या लोकांनी तिला सांगितलंय की म्हातारा मांजरांसाठी उतरला आणि पडला. मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी उतरला. पाहुण्यांच्या गोष्टीपासून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही बाहेर उभ्या होतात?"

"हो."

"ठोके ऐकू येत होते?"

"हो."

"आणि तुम्ही खिळे मारू दिलेत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली, आतला पाव बाहेर काढला आणि मला परत दिला.

आत जायला मिळालं नाही. दाराच्या काचेतून बघितलं. तो छताकडे बघत होता. त्याने मला पाहिलं आणि भुवया वर केल्या, बाजारात भाव विचारताना करतात तशा. गिऱ्हाईक खूश झालं का, असं विचारत असावा. मी तिथेच खाली बसले आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून रडले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

रहमा त्याला मेकनेसला घेऊन गेली. समोरचं दार बंद आहे. पायरी रिकामी. सकाळी भट्टीकडे निघाले की माझा हात आपोआप तिकडे वळतो, फळी उचलायला.

खद्दूज माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही. तिचा नवरा दुसऱ्या वाटेने जातो. गल्लीत सगळे एकमेकांना घाबरल्यासारखे वागतात. भुताला घाबरत होतो तेव्हा निदान एकत्र तरी जमत होतो.

मला रोज तेच ऐकू येतं. पातेल्याचं झाकण हललं तरी धस्स होतं. कुणी दार वाजवलं की पहिल्या ठोक्याला धावते आणि ओरडते, "कोण आहे? कोण आहे?" परवा गॅसवाला घाबरून मागे सरकला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

इल्हामने विचारलं नाही, मीच तिला सांगितलं, पाहुणे पाठव.

पाच जण आले. नळकोंडाळं, हमाम, भट्टी. मग हिरवं दार. फळ्यांच्या खिळ्यांची भोकं अजून आहेत. एकजण म्हणाला, "हेच ना ते? नवरीचं?"

"नवरी कधीच नव्हती," मी म्हटलं. "ती मी बनवली. आत एक म्हातारा माणूस होता. तो दोन दिवस ठोकत होता. आम्ही सगळे इथे उभे होतो, जिथे तुम्ही उभे आहात, आणि कुणी विचारलं नाही, कोण आहे."

त्याने फोन वर धरला होता, तो खाली घेतला. कुणी कान लावला नाही. एका बाईने हलक्या आवाजात विचारलं, "का नाही विचारलं?"

"भीती वाटत होती."

"कशाची?"

मी त्यांना माझ्या घरी नेलं आणि चहा दिला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दर शुक्रवारी मेकनेसला फोन लावते. दर शुक्रवारी रहमा म्हणते, ते झोपलेत, आणि ठेवते. आज मात्र म्हणाली, "सारखे खुणा करतात, फोन मागतात. बोलता तर येत नाही. देते. पण लवकर आटपा."

खरखर झाली. मग शांतता.

मी बोलायला लागले ते सुचेल तसं. पायरी रिकामी आहे. मांजरीची पिल्लं आता उड्या मारतात, मी गच्चीवर जाते त्यांना घालायला, हो, मी, शिडीला घाबरणारी. जिलाली विचारतो. नवरीचा माल बंद केलाय, आता खरा विकते, खपत नाही फारसा. बा मक्की, मला माफ करा. तुम्ही सांगत होतात आणि मी कानांवर हात ठेवले. तुम्ही हाक मारलीत आणि मी पळाले.

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं रहमाने काढून घेतला फोन.

आणि मग आलं. टक. टक. टक. नखाने फोनवर.

अंगावर सर्रकन काटा आला. फोन हातातून सुटणारच होता. भीती गेलेली नाही माझी, ती जायची नाही आता.

दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, "कोण आहे?"

पलीकडून हवा सुटल्यासारखा आवाज आला. तो हसत होता. मग खोकायला लागला, आणि मी ओरडले, "रहमा, अगं पाणी दे त्यांना, पाणी!"